सपाट वाटेचं गणित

दर वर्षी मासिकाच्या संपादक मंडळातली दोन-तीन मुलं केबिनच्या दारात येऊन उभी राहतात. "मॅडम, मराठी विभागाला एक लेख द्या ना, कशावरही चालेल." यंदा त्यातल्या एकाने हळूच पुस्ती जोडली, "फक्त सर्व्हेइंगवर नको!" मी हो म्हटलं. आता लेख वाचून झाल्यावर त्याने मला शिव्या घालू नयेत एवढीच विनंती, कारण उतार आणि अंतर यांच्यापासून सुटका याही लेखात नाही.

विषय सुचला तो मेसमध्ये. शेजारच्या टेबलावर थर्ड इयरच्या पोरांचा ट्रेक ठरत होता. एकजण विचारत होता की पाणी किती घ्यायचं, परत कसं यायचं. त्यावर म्होरक्या म्हणाला, "अरे, सोपा आहे रे! सोप्या ट्रेकला कसला प्लॅन?" हेच वाक्य मी एकदा मनाशी म्हटलं होतं आणि त्याची किंमत माझ्या टाचेने मोजली होती. ती गोष्ट सांगते, आणि गोष्टीच्या निमित्ताने लांब पण सोप्या वाटेचा प्लॅन कसा करायचा तेही. तुमच्यापैकी निम्मे लोक जीआरई-टोफेलच्या तयारीत आहेत, तेव्हा उद्या तिकडे गेलात तर ही माहिती थेट उपयोगी पडेल. आणि इथेच राहिलात तरी गणित तेच आहे.

वाट आली कुठून?

अमेरिकेत १९१६ च्या सुमारास सुमारे अडीच लाख मैल रेल्वेमार्ग होते. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले, हायवे झाले, आणि एकेक मार्ग बंद पडू लागला. रूळ उचलले गेले, पण रुळांखालचा भराव, पूल, बोगदे तसेच राहिले. कोणाच्या तरी डोक्यात आलं की या आयत्या तयार पट्ट्यावर बारीक खडी पसरली तर पायी आणि सायकलने जायला किती छान वाट होईल! विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय-स्पार्टा ही १९६० च्या दशकातली वाट अशा सुरुवातीच्या वाटांपैकी एक. या वाटांना तिकडे रेल-ट्रेल म्हणतात.

१९८३ साली तिथल्या कायद्यात एक मोठी शहाणपणाची दुरुस्ती झाली. बंद मार्गाची जमीन तुकड्या-तुकड्याने परत न जाता पट्टा अखंड ठेवायचा, तूर्तास त्यावर वाट करायची, आणि उद्या रेल्वेला गरज पडलीच तर पट्टा परत द्यायचा. याला 'रेल-बँकिंग' म्हणतात. म्हणजे मार्ग मोडीत न काढता बँकेत ठेवायचा! सिव्हिलच्या मुलांना सांगायला नकोच की शेकडो मैलांचा सलग पट्टा एकदा तुटला की पुन्हा जोडणं किती अवघड असतं.

मी ज्या वाटेबद्दल सांगणार आहे तिचं नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. तिचा मोठा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. हा मार्ग १९१० ते १९१२ मध्ये बांधला गेला आणि १९७५ साली बंद पडला. बंद पडण्याचं कारण मजेशीर आहे. त्याच दरीत नदीच्या पलीकडच्या काठाने दुसऱ्या कंपनीचा मार्ग आधीपासून होता. पुढे दोन्ही एकाच मालकीखाली आले. एका दरीत दोन लायनी कशाला पोसायच्या? पलीकडची ठेवली, अलीकडची बंद केली. १९८६ साली ओहायोपाइल गावाजवळ नऊ-एक मैलांचा पहिला टप्पा खुला झाला आणि सगळी वाट पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं. कंबरलँडला तिला एक जुन्या कालव्याच्या काठची वाट येऊन मिळते, ती १८४.५ मैल चालत थेट वॉशिंग्टनला जाते.

सपाट म्हणजे किती सपाट?

मी याच कॉलेजची विद्यार्थिनी. इथून एमएस करायला गेले आणि नंतर पिट्सबर्गला नोकरी करत होते. २०१६ च्या शरद ऋतूत आई-बाबा माझ्याकडे आले होते. बाबा रेल्वेत इगतपुरीकडच्या सेक्शनला कीमन होते, रिटायर होताना मेट. कीमन म्हणजे काय हे होस्टेलवाल्यांना माहीत नसेल. आपल्याला नेमून दिलेला पाच-सहा किलोमीटरचा बीट रोज पायी तपासायचा, खांद्यावर हातोडा आणि पाना, सैल झालेली चावी ठोकायची, नट आवळायचे, तडा दिसला तर लाल बावटा. ऊन, पाऊस, धुकं, काही असो. बाबांनी हे वर्षानुवर्षं केलं.

रिटायर झाल्यावर दोन्ही गुडघ्यांची झीज झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जिने टाळा, चढ-उतार टाळा, सपाटीवर मात्र चाला. पिट्सबर्ग हे गाव सगळं टेकड्यांवर वसलेलं. माझ्या घरातून बाहेर पडलं की एकतर चढ नाहीतर उतार. त्यामुळे बाबा दिवसभर खिडकीत बसून असायचे. एकदा आईला म्हणताना मी ऐकलं, "आता आपला बीट या खोलीएवढा." आई हसली, मला मात्र ते लागलं.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, बाबांना या वाटेवर न्यायचं. रात्री त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी अंतर विचारलं नाही, सीनरी विचारली नाही. पहिला प्रश्न, "ग्रेडियंट काय आहे?"

आता इथे जरा इंजिनिअरिंग. रुळावर लोखंडी चाक इतकं सहज फिरतं की सपाटीवर एक टन वजन हलतं ठेवायला जेमतेम दोन-तीन किलोची ओढ पुरते. पण शंभराला एक असा मामुली चढ आला की तेवढ्या चढासाठीच टनामागे आणखी दहा किलो लागतात. म्हणजे ओढ एकदम चार-पाच पट! म्हणून रेल्वेचा इंजिनिअर चढाला वाघासारखा घाबरतो. डोंगर आडवा आला तर बोगदा खणेल, दरी आली तर पूल टाकेल, वळसा घालून दहा मैल जास्त जाईल, पण चढ वाढू देणार नाही. आपल्या बोर घाटात आणि थळ घाटात ३७ ला १ चढ आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला बँकर इंजिनं जोडावी लागतात. रेल-ट्रेल सोपी का असते त्याचं उत्तर हे. गाडीचे लाड करण्यासाठी केलेला सगळा खर्च आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येतो.

मी कागदावर आकडे मांडले. कंबरलँडची उंची साधारण ६०० फूट. तिथून पावणेचोवीस मैलांवर वाटेचा सर्वांत उंच बिंदू, २,३९२ फूट. म्हणजे सरासरी ७० ला १ चढ. त्या बिंदूपासून पिट्सबर्गपर्यंत सव्वाशे मैलांत उतार जेमतेम १,७०० फूट. भागाकार केला तर सुमारे ४०० ला १.

बाबांनी चष्मा काढला. "चारशेला एक? अगं, हे तर स्टेशन यार्डाचं लेव्हल झालं!" आपल्याकडे स्टेशन यार्डात सहसा याहून जास्त उतार चालत नाही, उभा डबा आपोआप घरंगळू नये म्हणून. दीड महिन्यात पहिल्यांदा बाबा खुर्चीतून उठून नकाशावर वाकले.

यातून पहिला धडा: 'सोपी वाट' हे विशेषण ऐकून घेऊ नका, उतार काढा. शिवाय उतार काढला की दिशाही ठरते. सर्वोच्च बिंदूच्या पश्चिमेला चालायचं असेल तर पिट्सबर्गच्या दिशेने चाला, वाट हळूहळू उतरत जाते.

माझा पहिला प्लॅन (जो फसला असता)

आकडे बघून मला चेव आला. एक्सेल उघडलं आणि २४० भागिले १० असा दहा दिवसांचा प्लॅन तयार! रोज २४ किलोमीटर. कंपनीत प्रेझेंटेशन द्यावं तसा बाबांपुढे ठेवला. त्यांनी फक्त विचारलं, "चोवीस किलोमीटरला गाव आहे का रोज?"

नव्हतंच. वाटेवरची गावं माझ्या सोयीने वसलेली नाहीत. मैलांचे आकडे कंबरलँडपासून मोजतात. त्या हिशेबाने मुख्य गावं साधारण अशी: फ्रॉस्टबर्ग १६, मायर्सडेल ३२, गॅरेट ३६, रॉकवूड ४४, कॉन्फ्लुअन्स ६२, ओहायोपाइल ७२, कॉनेल्सविल ८८, वेस्ट न्यूटन ११४, मकीस्पोर्ट १३२. बघा, रॉकवूड ते कॉन्फ्लुअन्स १८ मैल म्हणजे २९ किलोमीटर. कॉनेल्सविल ते वेस्ट न्यूटन तर २६ मैल. सरासरी २४ आली तरी एखाद्या दिवशी रात्र रानात काढावी लागणार. तंबू कुठेही ठोकता येत नाही, ठरवून दिलेल्या जागीच ठोकायचा.

दुसरा धडा: अंतराला दिवसांनी भागू नका. आधी मुक्काम, पाणी आणि रस्ता कुठे आहे त्या जागांवर खुणा करा, मग दोन खुणांमध्ये आपण बसतो का ते बघा. एखादा टप्पा आपल्याला झेपत नसेल तर तो गाळा. दीडशे मैल पूर्ण केले नाहीत म्हणून कोणी केटी लावत नाही.

आम्ही गाळत गाळत तीन टप्प्यांवर आलो. माझी एक मैत्रीण गाडी चालवायला तयार झाली. मुक्काम कॉन्फ्लुअन्सला, आई तिथे घरगुती खोलीत राहणार.

दिवस १: सर्वोच्च बिंदू आणि बिग सॅव्हेज बोगदा, जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर. ही टेस्ट.
दिवस २: मायर्सडेल ते रॉकवूड, १९ किलोमीटर. मधे गॅरेटला सुटायची सोय.
दिवस ३: आराम.
दिवस ४: कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल, साधारण १७ किलोमीटर. दरीतला सगळ्यात देखणा टप्पा. पण आमच्या नकाशात मधे गाडीने पोचता येईल अशी जागा दिसत नव्हती.

वेळेचं गणित

डोंगरात चालण्यासाठी नेस्मिथचा १८९२ सालचा एक नियम आहे: तासाला तीन मैल, आणि दर हजार फूट चढाला अर्धा तास जादा. इथे चढ नाहीच, मग तासाला पाच किलोमीटर धरायचे का? अजिबात नाही. आपला वेग आपण मोजायचा. आम्ही घराजवळच्या बागेत मोजला. बाबा ५० मिनिटांत तीन किलोमीटर चालले. म्हणजे तासाला साडेतीन धरू.

चौथ्या दिवसाचा हिशेब असा. १७ भागिले ३.५, जवळजवळ पाच तास. दर दीड किलोमीटरला दहा मिनिटं बसायचं म्हणजे अकरा विश्रांती, एक तास पन्नास मिनिटं. जेवण ४० मिनिटं. एकूण साडेसात तास धरा. साडेआठला निघालो तर चार वाजता पोचणार. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. म्हणजे हातात अडीच तास शिल्लक. ही शिल्लक म्हणजे चैन नव्हे, फॅक्टर ऑफ सेफ्टी! बीम डिझाइन करताना जो आपण विसरत नाही तो ट्रेकला मात्र हमखास विसरतो.

सामान आणि बाकी काळजी

थोडक्यात सांगते.

पाणी माणशी दोन लिटर. वाटेच्या मुख्य प्रवेशजागी पाणी आणि संडास सापडतात, पण थंडीत नळ बंद असू शकतात, तेव्हा आधी चौकशी करा.

बूट जुनेच. जाड ट्रेकिंगच्या बुटांची गरज नाही, चुनखडीची बारीक खडी दाबून केलेली वाट आहे, रोजचे चालायचे बूट पुरतात. मोज्यांचे दोन जोड जादा.

टॉर्च हवाच. बिग सॅव्हेज बोगदा ३,२९४ फुटांचा म्हणजे एक किलोमीटरचा आहे. आत दिवे आहेत, पण दिवे जाऊही शकतात. हा बोगदा हिवाळ्यात दारं लावून बंद करतात, कारण आत झिरपणारं पाणी गोठून अस्तराला तडे जातात. साधारण डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात हा काळ टाळायचा.

गोचीड. ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते, पण पेनसिल्व्हेनियात गोचीड चावून होणारा लाइम नावाचा आजार बराच आहे. पायमोज्यात पँट खोचा, गवतात बसू नका, संध्याकाळी अंग तपासा.

शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, म्हणून भडक केशरी काहीतरी अंगावर असावं. बाबांना त्यांचं गँगचं केशरी जाकीट आठवलं.

फोनची रेंज दरीत जाते. म्हणून आईला कागदावर लिहून दिलं: किती वाजता निघणार, किती वाजता पोचणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला फोन करायचा.

आणि शेवटचा नियम आम्ही त्या रात्री केला, तो सगळ्यात महत्त्वाचा. ज्या टप्प्याला मधे सुटायची वाट नाही, तिथे निम्म्यापर्यंतच मागे फिरणं फायद्याचं. निम्म्यानंतर मागे फिरलं तर पुढे जाण्यापेक्षा जास्त चालावं लागतं. म्हणून निर्णय एक तृतीयांशावर घ्यायचा, साधारण सहाव्या किलोमीटरला. तिथे कोणाचंही काही दुखत असेल तर चर्चा न करता परत.

प्रत्यक्षात काय झालं

पहिल्या दिवशी गंमत झाली. या वाटेवर सायकलवाले खूप. मागून येताना ते ओरडतात, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जातोय. बाबांना वाटलं, डावीकडे व्हा म्हणतोय. ते गेले डावीकडे, थेट सायकलसमोर! सायकलवाला बिचारा गवतात. चालणाऱ्याने उजवी कड धरायची हा नियम मी त्यांना सांगायला विसरले होते. आमचे जन्मभराचे पाय डाव्या बाजूचे.

बोगद्यात बाबा फार वेळ रेंगाळले. भिंतीवरून हात फिरवत, पाणी कुठून गळतंय, नाली कशी काढलीय ते बघत. बाहेर आल्यावर म्हणाले, "काम चांगलं आहे." त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.

दुसऱ्या दिवशी मायर्सडेलपासून निघालो. थोड्याच वेळात सॅलिसबरी व्हायाडक्ट लागतो, १,९०८ फूट लांब, खाली नदी, हायवे आणि पलीकडच्या कंपनीचे चालू रूळ. वारा मस्त, झाडं लाल-पिवळी, वाट सपाट. आणि मी सुटले! थांबावं असं वाटतच नव्हतं, कारण दम लागत नव्हता. बाबा मात्र प्रत्येक पुलाशी थांबायचे, वाकून बघायचे, बसायचे. मला ते वेळ घालवणं वाटत होतं.

गॅरेटला पोचलो तेव्हा माझ्या डाव्या टाचेला चटके बसत होते. माझे बूट नवे होते. (वर मी काय लिहिलंय ते पुन्हा वाचा!) बाबा म्हणाले, "मैत्रिणीला फोन कर, गाडी बोलव." मी म्हटलं, "छे, सपाट तर आहे." राहिलेले तेरा किलोमीटर मी तशीच चालले. रॉकवूडला बूट काढला तर मोजा रक्ताने चिकटलेला. एकवीस वर्षांचा ट्रेकिंगचा अनुभव सांगणारी मी लंगडत होते आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ते बाबा व्यवस्थित उभे होते.

असं का झालं, याचा विचार मी आरामाच्या दिवशी पाय वर करून केला. गडावर चढताना प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. दगड, पायरी, घसरण, कधी हाताचा आधार. स्नायू आलटून-पालटून काम करतात आणि दम लागला की आपण आपोआप थांबतो. सपाट वाटेवर दम लागत नाही म्हणून थांबत नाही, आणि प्रत्येक पाऊल हुबेहूब आधीच्यासारखंच. १९ किलोमीटरला सुमारे एकोणतीस हजार पावलं. कातडीच्या त्याच टिचभर जागेवर, त्याच सांध्यात, हजारो वेळा तोच घर्षणाचा मार. मटेरिअलच्या विषयात आपण याला फटीग म्हणतो. लोड लहान, सायकल्स प्रचंड, आणि एके क्षणी तडा.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "कीमन कधी सलग चालतो का? दहा पावलं चालायचं, वाकायचं, ठोकायचं, पुन्हा चालायचं. म्हणून तर एवढी वर्षं चाललो."

तिसरा धडा: सपाट वाटेवर थांबा वेळापत्रकात लिहून ठेवा. शरीर आठवण करून देणार नाही. थांबलात की बूट सैल करा, पाय हवेशीर करा, लाल झालेल्या जागी लगेच पट्टी लावा. फोड आल्यावर नव्हे, चटका बसताक्षणी.

सहावा किलोमीटर

चौथ्या दिवशी मी टाचेला गठ्ठाभर पट्ट्या लावून आणि जुने बूट घालून निघाले. कॉन्फ्लुअन्सहून ओहायोपाइलकडे वाट यॉकियोगेनी नदीच्या काठाने दरीत शिरते. नदीचा आवाज सतत सोबतीला. या वेळी दर दीड किलोमीटरला थांबत होतो, घड्याळ लावून.

चौथ्या थांब्याला, म्हणजे बरोबर सहाव्या किलोमीटरला, बाबांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला. मी हात लावून बघितला, गरम होता आणि किंचित सुजला होता. ते म्हणाले, "काही नाही, बसलो की होईल बरं." आणि लगेच, "किती झालं? किती राहिलं?"

सहा झाले, अकरा राहिले. वाट उतरती, वेळ भरपूर, हवा सुंदर. मला मनापासून वाटत होतं की बाबांनी ओहायोपाइल गाठावं, तिथला धबधबा बघावा, आईला सांगावं की मी चालत आलो. त्यांनाही तेच हवं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणखी दोन-अडीच किलोमीटर गेलो असतो की परतीचा मार्ग बंद. मी काही बोलेना. मला भीती होती, परत फिरू म्हटलं तर ते पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसतील.

तेवढ्यात नदीपलीकडून मालगाडी आली. तोच तो पलीकडचा, टिकून राहिलेला मार्ग. बाबा उठले. एका पायावर भार देऊन सरळ उभे राहिले आणि गाडी जाईपर्यंत डब्यामागून डबा नजरेने तपासत राहिले. काही लोंबकळतंय का, कुठे धूर आहे का. शेवटचा डबा गेल्यावर त्यांनी हात वर करून 'सगळं ठीक'ची खूण केली. नदीच्या त्या बाजूने कोणी पाहिली की नाही, कोण जाणे.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, फिरू मागे. नियम केला होता ना?"

मी म्हटलं, "बाबा, ओहायोपाइल राहील."

"अगं पोरी, कीमन काय शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो का? बीट तपासायचा आणि आपल्या ठिकाणी परत यायचं. झाली ड्यूटी."

आम्ही परत फिरलो. जाताना ४०० ला १ उतार होता तो आता चढ झाला, पण तो चढ फक्त कागदावर. दर किलोमीटरला बसत, दोनच्या सुमारास कॉन्फ्लुअन्सला आलो. जाऊन-येऊन १२ किलोमीटर! संध्याकाळी सगळे गाडीने ओहायोपाइलला गेलो. धबधबा बघितला, जुनं स्टेशन बघितलं. बाबा तिथे वाटेच्या कडेला उभे राहून आम्ही ज्या बाजूने येणार होतो तिकडे बराच वेळ बघत होते. वाईट वाटलं असणारच. पण दुसऱ्या दिवशी गुडघा उतरला आणि पिट्सबर्गला परतल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "इथे जवळ असा दुसरा सपाट बीट कुठे आहे?" होता, हीच वाट शहरात नदीकाठाने येते. भारतात परतेपर्यंत ते रोज तिथे चालत होते, उजवी कड धरून.

जाता जाता

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी: रेल्वेने यायचं तर ॲमट्रॅकची गाडी पिट्सबर्ग, कॉनेल्सविल आणि कंबरलँडला थांबते, दिशेला दिवसातून एकच, तेव्हा तिच्या वेळेवर बाकीचा प्लॅन बसवा. सायकलने सगळी वाट तीन-चार दिवसांत होते, पायी दहा ते बारा दिवस धरा. अशा वाटा इतरत्रही आहेत. मिसूरी राज्यातला केटी ट्रेल सुमारे २४० मैलांचा आहे, न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल १५२ किलोमीटरचा. गावं वेगळी, ऋतू वेगळे, पण कोष्टक हेच: उतार, थांबायच्या जागा, आपला खरा वेग, शिल्लक वेळ आणि मागे फिरायची खूण.

मेसमधल्या त्या म्होरक्याला माझा निरोप: सोपी वाट फसवत नाही, 'सोपी आहे' हे आपलं गृहीतक फसवतं. अवघड गडावर आपण जपून असतो. पाय मोडतात ते सोप्या ठिकाणी.

आणि बाबा? उजवा गुडघा बदलून आता वर्ष होईल. सध्या ते माझ्याकडे कॅम्पसवर राहतात. सकाळी सहाला लेडीज होस्टेलच्या मागच्या रस्त्यावर केशरी जाकीट घातलेले एक आजोबा प्रत्येक मोरीपाशी वाकून बघताना दिसतील, तेच ते. एक्सेलमध्ये सहा ते सतरा किलोमीटरची ओळ अजून रिकामी आहे. ती त्यांनी मला पुसू दिलेली नाही.

सायकलवरून लेक्चरला पळणाऱ्यांनो, त्यांना मागून 'ऑन युअर लेफ्ट' म्हणू नका. घंटी वाजवा.